चांदवडकरकाकांचा दहीभात

चांदवडकरकाका जिना चढताना दम घ्यायला थांबत नसत, मत द्यायला थांबत. पहिल्या मजल्यावर कोणाच्या चपला वाकड्या पडलेल्या असल्या तर तिथे, दुसऱ्यावर कोणाच्या कुकरची शिट्टी त्यांच्या मते चुकीची वाजत असली तर तिथे, आणि तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे त्यांच्या आणि माझ्या, माझ्या दारासमोर, काही कारण नसलं तरी. मला न आवडलेली माणसं आयुष्यात पुष्कळ आली. बहुतेकांना मी विसरले, काहींना माफ केलं. या माणसाच्या बाबतीत मला दोन्ही जमलेलं नाही, आणि जमवावं असं वाटतही नाही.

आमची इमारत चिखलीतली. चार मजले, एक लिफ्ट, आणि ती बंद पडली की तिच्यासमोर उभे राहून ती का बंद पडली हे समजावणारे काका. भोसरीच्या एका कारखान्यात ते क्वालिटीत होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी खिशाला दोन पेनं आणि तोंडात ‘मूळ कारण’ कायम. नळाला पाणी नाही, मूळ कारण शोधा. शेजारच्या मुलाला गणितात कमी मार्क, मूळ कारण शोधा. लिफ्टचा मेकॅनिक गुडघ्यावर बसून वायर जोडत असायचा आणि हे त्याच्या डोक्यावर उभे राहून बोलत असायचे. लिफ्ट चालू झाली की सगळ्यांच्या आधी आत शिरायचे आणि वर जाताना सोबतच्यांना सांगायचे, “मी म्हणालोच होतो त्याला.”

मी राहायला आले त्या दिवशी त्यांनी माझं पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं.

“मूळच्या कुठल्या?”

“दापोडीच्या. वडील कंपनीत होते.”

“अच्छा,” ते म्हणाले. असा अच्छा मी शाळेपासून ऐकत आलेय, त्यामुळे पुढचं काय येणार ते मला ठाऊक होतं. “म्हणजे तुमच्याकडे सगळं चालत असेल. नाही, आमची काही हरकत नाही. फक्त स्वयंपाकघराची खिडकी लावून घेत जा. आमच्याकडे वास चालत नाही.”

त्यानंतर पाच वर्षांत त्यांनी माझ्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. माझं वर्तमानपत्र मात्र रोज सकाळी न्यायचे, उंबऱ्याबाहेर उभं राहून हात पुढे करून. परत द्यायचे तेव्हा शब्दकोडं सोडवलेलं असायचं, तेही चुकीचं.

शैलाकाकू म्हणजे त्यांची बायको. बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या. काका बोलत असताना त्या ओट्याकडे तोंड करून काहीतरी पुसत असायच्या, आणि ओटा आधीच स्वच्छ असायचा. एकदा त्यांना पाण्याच्या टाकीमागे एक राखाडी-पांढरं मांजराचं पिल्लू सापडलं. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेल्यापासून काकूंनी स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट असावी. काकांनी परवानगी दिली, पण अट घालून. “आमच्या घरात राहायचं तर आमच्या घरचं खायचं.”

मांजरीचं नाव सुंदरी ठेवलं. तिला दूधपोळी, दुपारी दहीभात, आणि चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी. मी थट्टा करत नाहीये. खिचडीचे दाणे बशीच्या कडेला ढकलत बसलेली ती मांजर मी या डोळ्यांनी पाहिली आहे.

दोन महिन्यांत सुंदरीचं पोट पार बिघडलं. पातळ शी, दिवसातून पाच-सहा वेळा. पोट फुगलेलं आणि बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. तिचा वाळूचा ट्रे काकू साफ करायच्या. काकांनी त्या ट्रेला कधी बोट लावलं नाही, पण सकाळी चष्मा लावून त्याची तपासणी मात्र ते करायचे, हात पाठीमागे बांधून, कारखान्यात करायचे तशी. “आज थोडी सुधारणा आहे,” म्हणायचे. सुधारणा नसायची. मग म्हणायचे, “दही वाढव. दही थंड असतं.” काकू दही वाढवायच्या.

मी तेव्हा चाकणच्या एका कंपनीत स्टोअरला होते, सेकंड शिफ्ट. दुपारी दीडला बस, म्हणजे सकाळ मोकळी. एक दिवस अकराच्या सुमाराला, काका ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर गेल्यावर, काकू दारात आल्या. कापडी पिशवीत सुंदरी होती. फक्त डोकं बाहेर, आणि ओरडायचंही त्राण नव्हतं तिच्यात.

“उज्ज्वला, हिला डॉक्टरकडे नेऊ या का गं? यांना कळायला नको.”

रिक्षाने पिंपरीला गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी मांजरीचं पोट चाचपलं, हिरड्या पाहिल्या, शी तपासायला घेतली आणि विचारलं, “खायला काय देता?”

काकूंनी सगळं सांगितलं. खिचडीसुद्धा.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. “आजी, मांजर म्हणजे गाय नव्हे. तिला मांसच लागतं, तिचं शरीरच तसं आहे. आणि मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही, त्यानेच जुलाब होतात. तुम्ही तिला रोज तेच पाजताय.”

काकूंचा चेहरा असा झाला की मला त्यांचा हात धरावा लागला.

जंतांचं औषध मिळालं आणि खाण्याचं सगळं नीट समजावून सांगितलं. दूध, दही, पोळी बंद. चिकन नुसतं पाण्यात उकडायचं, हाडाशिवाय, चरबीशिवाय. मीठ नाही, हळद नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही, कारण ते मांजराला विषासारखं असतं. बारीक तुकडे करून दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. त्यात चमचाभर उकडलेला लाल भोपळा. शी बांधून यायला लागली की मांजरांचं तयार खाणं त्यात रोज थोडं थोडं मिसळत न्यायचं, एकदम बदल करायचा नाही. “आणि नुसत्या चिकनवर कायम ठेवू नका,” त्या म्हणाल्या, “त्यात तिला लागणारं सगळं नसतं. आणि काहीही झालं तरी उपाशी ठेवू नका.”

परत येताना काकूंनी रिक्षात सुंदरीची पिशवी छातीशी धरली होती. इमारत दिसायला लागल्यावर म्हणाल्या, “आमच्या घरात कसं शिजवू?”

“माझ्याकडे शिजवू,” मी म्हणाले.

असं ते सुरू झालं. रोज अकरा ते बारा. पहिल्या दिवशी काकू माझ्या स्वयंपाकघराच्या दारात नाकाला पदर लावून उभ्या होत्या. चौथ्या दिवशी पदर खाली आला. सहाव्या दिवशी त्यांनी माझ्या हातातून चमचा काढून घेतला. “तू तुकडे फार मोठे करतेस,” म्हणाल्या आणि गार झालेलं चिकन स्वतः बोटांनी निवडून तंतू तंतू करायला लागल्या. मग साबणाने आणि लिंबाने हात धुवायच्या, तीन-तीनदा. सुंदरी माझ्या ओट्याखाली जेवायची आणि उरलेलं डबीत घालून माझ्या फ्रिजमध्ये राहायचं. काका दुपारी झोपले, संध्याकाळी फिरायला गेले की काकू येऊन पुढचा घास घेऊन जायच्या. मी कामावर असताना माझ्या घराची किल्ली त्यांच्याकडे असायची. घरी काका बशीत दहीभात वाढून ठेवायचे, काकू तो मागच्या मागे कचऱ्यात टाकायच्या आणि बशी चाटून पुसून घेतल्यासारखी विसळून ठेवायच्या.

त्या तासाभरात काकू बोलायच्या. एकदा म्हणाल्या, “पस्तीस वर्षांत मला कोणी विचारलं नाही, तुला काय मानवतं म्हणून. हिला निदान डॉक्टरांनी विचारलं.” हे त्या रडून नाही म्हणाल्या. चिकन निवडता निवडता म्हणाल्या.

चिकनमध्ये तयार खाणं मिसळत गेलो आणि दीड महिन्यात सुंदरी ओळखू येईना. अंगावर चकाकी, शेपटी वर. ट्रेची तपासणी करताना काकांना आता खरोखरच सुधारणा दिसायला लागली. त्यांनी ती दहीभाताच्या नावावर जमा केली.

तेवढ्यावर थांबले असते तर ते नुसतेच हास्यास्पद ठरले असते. पण त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर लांबलचक मजकूर टाकला. मांजरांचे पोटाचे विकार आणि सात्त्विक आहार, असा. त्यात दहीभात होता, जिऱ्याचं पाणी होतं, आणि स्वतःच्या मनाने घातलेलं लंघन होतं. पोट बिघडलं की तीन दिवस काही द्यायचं नाही, पाचक यंत्रणेला विश्रांती द्यायची, मग ताकापासून सुरुवात. खाली ‘स्वानुभव’ असं लिहून त्यांनी सही केली होती. रविवारी सकाळी पार्किंगमधल्या बाकावर ते बसायला लागले आणि लोक खरंच त्यांना विचारायला लागले. शेजारच्या इमारतींतूनही यायचे. आपल्याकडे पांढरे केस आणि खिशाला पेन असलं की माणसाला ऐकणारे मिळतात.

मी काकूंना म्हणाले, “मी सांगते सगळ्यांना. हे बरोबर नाही.”

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. “तुला माझी शपथ आहे. त्यांना कळलं तर ते हिला बाहेर सोडून येतील. कुठेतरी लांब, नदीपलीकडे. त्यांनी तसं म्हटलंय.”

मी गप्प बसले. हे मी इथे लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात माझाही वाटा आहे.

तळमजल्यावर हिराबाई राहायची. आमची इमारत उभी आहे ती जमीन तिच्या सासऱ्याची, तिच्या बदल्यात तिला खालचं घर मिळालेलं. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेली असायची आणि मांडीवर राजा नावाचा पिवळा बोका. राजा एवढा लठ्ठ होता की मांडीच्या दोन्ही बाजूंनी ओघळायचा. काका जाता-येता दिसले की हिराबाई खुर्चीतून उठून उभी राहायची. तिच्या लेखी ते साहेब होते.

गावच्या उरुसाला राजाने कुठेतरी मटणाचा रस्सा चाटला आणि त्याला ओकाऱ्या-जुलाब लागले. हिराबाई बाकापाशी गेली. काकांनी तिला तीन दिवसांचं लंघन सांगितलं.

हे मला कळलं ते पाचव्या दिवशी, मी कामावरून सुट्टी घेतलेली होती तेव्हा. हिराबाई राजाला मांडीवर घेऊन बसली होती आणि तो मांडीवरून ओघळत नव्हता.

“तीन दिस न्हाई दिलं काईबी,” ती म्हणाली. “साहेबांनी सांगितलं तसंच केलं. आता देतीया तर तोंडच लावत न्हाई गं. कान बी बघ ना कसं झाल्यात.”

मी बघितले. कानाच्या आतली कातडी हळदीसारखी पिवळी झाली होती.

त्याच पिंपरीच्या डॉक्टरबाईंकडे आम्ही त्याला नेलं. त्या खूप चिडल्या, पण हिराबाईवर चिडल्या नाहीत. लठ्ठ मांजर काही दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात जाऊन बसते आणि मग त्याला खावंसंच वाटत नाही, असं त्यांनी सांगितलं. सलाइन लावलं, नळीने खाणं घातलं. हिराबाई रोज बसने तिथे जायची आणि पिंजऱ्याबाहेर स्टुलावर बसून राहायची. पाचव्या दिवशी राजा गेला. तिने त्याला पदरात गुंडाळून रिक्षाने घरी आणलं आणि इमारतीच्या मागच्या बाजूला पुरलं. ती जमीन एके काळी तिचीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका जिन्यात भेटले. मी त्यांना सांगितलं. ते क्षणभर थांबले, एवढं मी त्यांच्या बाजूने मान्य करते. मग म्हणाले, “लंघन नीट केलं नसणार. मध्ये काहीतरी दिलं असणार. मूळ कारण ते.”

मी घरात आले आणि दार लावलं. मला वाटलं, एवढं बोलून त्यांचं समाधान झालं असेल. नव्हतं झालं. दोन दिवसांनी हिराबाई मला म्हणाली, “म्याच मधी एकदा वाटीभर दूध पाजलं व्हतं गं. लई बघवंना म्हणून. साहेब आलं व्हतं, म्हणले त्यानंच झालं.”

म्हणजे हा माणूस मुद्दाम खाली उतरून, मांजर गेलेल्या बाईच्या दारात उभा राहून, तिचंच चुकलं असं तिला सांगून आला होता. मी म्हणाले, “दुधानं नाही झालं, हिराबाई.” ती म्हणाली, “साहेब खोटं कशापायी बोलतील?” आणि माझ्याकडे जे उत्तर होतं ते मी शपथेपायी गिळलं.

त्या पावसाळ्यानंतर काकूंना मुलीच्या बाळंतपणासाठी नाशिकला जावं लागलं. जाण्याची तारीख अचानक अलीकडे आली. मी तेव्हा कंपनीच्या ट्रेनिंगला बाहेरगावी होते, त्यामुळे मांजरीचं काय करायचं हे आमचं बोलणंच झालं नाही. मी चार दिवसांनी परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. काका होते. वर्तमानपत्र मी पुढे केलं, पण त्यांनी हात पुढे केला नाही. त्यांच्या हातात सुंदरीची बशी होती.

“ती खात नाहीये,” ते म्हणाले.

“दहीभात द्या ना.”

“तसं नाही. ते... हिच्यासाठी तुमच्याकडे जे व्हायचं ते.”

मला कळायला थोडा वेळ लागला. मग कळलं.

“काय व्हायचं माझ्याकडे?”

“तुम्हाला माहीत आहे.”

“नाही, काका. नाव सांगा.”

त्यांनी जिन्याकडे पाहिलं. कोणी नव्हतं. “चिकन,” ते म्हणाले. इतक्या खालच्या आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

“तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

“पहिल्या आठवड्यापासून. मला काय नाक नाही? तिच्या हाताला लिंबाचा वास यायचा. घरात तेव्हा लिंबू नव्हतंच.”

“मग बोलला का नाहीत?”

“मांजर सुधारत होतं. शिवाय शिजत होतं तुमच्या घरात.”

त्यांना ते अगदी रास्त वाटत होतं. विटाळ माझ्याकडे, मांजर त्यांच्याकडे, आणि श्रेय बाकावर.

“मग हिराबाईंना लंघन का सांगितलंत?” मी विचारलं. “तुम्हाला तर माहीत होतं सुंदरी कशाने बरी झाली.”

ते थोडे गोंधळले. उत्तर सापडत नव्हतं असं नाही. हा प्रश्नच त्यांना कळला नव्हता. “ती विचारायला आली होती,” ते म्हणाले. “लोक विचारायला येतात. माहीत नाही, असं सांगायचं का?”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. पासष्टी ओलांडलेला, इस्त्रीचा सदरा घातलेला माणूस. हातात रिकामी बशी. माझ्या मनात तोवर जो राग होता तो त्या क्षणी संपला, आणि त्या जागी जे आलं ते रागापेक्षा थंड होतं. रागात समोरच्याची निदान काही किंमत असते.

“मी शिजवते,” मी म्हणाले. “मांजरीचा काही दोष नाही. पण आधी खाली जा आणि हिराबाईंना सांगा की चूक त्यांची नव्हती.”

“बघतो.”

“बघू नका. जा.”

ते गेले. पंधरा मिनिटांनी वर आले. “सांगितलं,” म्हणाले. मी चिकन उकडायला ठेवलं. डबी उंबऱ्याबाहेर ठेवायला त्यांनी सांगितलं, मी ठेवली.

दुपारी बसला जाताना मी हिराबाईला विचारलं, काका काय म्हणाले. ती म्हणाली, “काई न्हाई. बरं हाय का इचारलं. तुळशीला पाणी लई घालती म्हणले.”

माझी बस त्या दिवशी चुकली. मी तिच्या दारात पायरीवर बसले आणि तिला सगळं सांगितलं, काकूंची शपथ मोडून. चिकन, डॉक्टरबाई, दहीभात, कचऱ्यात गेलेला एकेक घास. हिराबाई ऐकत राहिली. सगळं सांगून झाल्यावर तिने विचारलं, “म्हंजी म्या न्हाई मारलं त्याला?”

“नाही.”

“वाटीभर दुधानं न्हाई?”

“नाही, हिराबाई.”

तिने पदर तोंडाला लावला. मी तिथे बसून राहिले. संध्याकाळी काका फिरायला निघाले, तिच्या दारावरून गेले, नेहमीप्रमाणे किंचित मान डोलावली. हिराबाई खुर्चीतून उठली नाही.

काकूंना मी फोनवर सांगितलं, काकांना पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं आणि आता हिराबाईलाही सगळं माहीत आहे म्हणून. मग त्या म्हणाल्या, “त्यांना पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं?” एवढंच. शपथ मोडल्याबद्दल अक्षरानेही बोलल्या नाहीत.

पुढच्या वर्षी काका-काकूंनी नाशिकला मुलीजवळ घर घेतलं. निघायच्या दिवशी जावई गाडी घेऊन आला होता. सामान आधीच गेलं होतं. काका पुढच्या सीटवर बसले, काकू मागे, मांडीवर टोपलीत सुंदरी. मी निरोप द्यायला खाली उभी होते. गेटवरचा वॉचमन ज्ञानोबा, परभणीकडचा साधा माणूस, काकांच्या खिडकीशी वाकला.

“काका, जाता जाता एक इचारू का? आपल्या गेटवरच्या कुत्रीचं पोट लई बिघडलंय दोन दिवसांपासून.”

काकांचा चेहरा उजळला. मी तिथे चार हातांवर उभी आहे, हे त्यांना दिसत होतं. तरी उजळला. “सोपं आहे,” ते म्हणाले. “तीन दिवस काही द्यायचं नाही. पाचक यंत्रणेला—”

“ज्ञानोबा,” मागून काकू म्हणाल्या. आवाज चढवलेला नव्हता. नळ गळतोय हे सांगावं तशा म्हणाल्या. “त्यांचं ऐकू नका. त्यांना यातलं काही कळत नाही. कुत्रीला डॉक्टरांना दाखवा, उज्ज्वला पत्ता देईल.”

जावई समोर रस्त्याकडे बघायला लागला. ज्ञानोबा सरळ उभा राहिला आणि माझ्याकडे वळला. काकूंनी टोपलीचं झाकण नीट केलं आणि मला हात केला.

काकांनी काच वर केली. गाडी वळून रस्त्याला लागेपर्यंत ते मला काचेतून दिसत होते. ते बोलतच होते.